मे महिन्याचा विषय – सावली (प्रचि, नियम आणि चर्चा)

ओंजळ | ३० एप्रिल

मंडळी, आपल्या दर महिन्याच्या प्रकाशचित्र (प्रचि) उपक्रमात मे महिन्यासाठी विषय ठरला आहे : सावली.

मार्चमध्ये 'दार' होतं, एप्रिलमध्ये 'हात'. दोन्ही वेळी सुरुवातीला तेच आलं जे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं. दार म्हटल्यावर वाड्यांचे दिंडीदरवाजे, पितळी कड्या, तोरणं. मग कोणीतरी मुक्कामी एसटीचं उघडं दार टाकलं, त्यावर झब्बू म्हणून, म्हणजे उत्तरादाखल, दवाखान्याच्या बंद दाराबाहेरच्या चपला आल्या, आणि तिथून पुढे विषय खरा रंगला. मला या उपक्रमातला हाच टप्पा सगळ्यात प्रिय आहे. म्हणून विषय मी मुद्दाम लहान ठेवते. 'निसर्ग' किंवा 'प्रवास' असा ऐसपैस विषय दिला की जो तो जुना साठा उघडतो आणि लडाखचं तळं वर काढतो. फोटो देखणा असतो, पण तो या महिन्यात डोळे उघडे ठेवून शोधलेला नसतो.

मे महिन्यातच सावली का, तर सूर्य आपल्या डोक्यावर येतो म्हणून. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोन दिवस दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. गोवा आणि अख्खा महाराष्ट्र या पट्ट्यात आहे. पणजीत हा दिवस ३ मे च्या सुमारास येतो, कुडाळला ४, कोल्हापूरला ६-७, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नाशिकला २० आणि नागपूरला २६. एक दिवस इकडेतिकडे धरा. म्हणजे महिनाभर सावली दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका गावातून गायब होत जाणार आहे, आणि आपले सदस्य त्या वाटेवर जागोजागी बसलेले आहेत. ही संधी सोडायची नाही.

नियम थोडेच, आणि क्रमांक नाहीत. प्रचि याच महिन्यात काढलेलं असावं. मोबाइल, कॅमेरा, काहीही चालेल. प्रत्येकी पाच प्रचि. खाली गाव, वेळ आणि दोन ओळी लिहा. आपले टाकलेत की दुसऱ्या तिघांच्या प्रचिंवर लिहायचं, आणि 'मस्त', 'झकास' यावर थांबायचं नाही. नजर आधी कुठे गेली, कुठे अडली, काय कळलं नाही, ते लिहा.

शिवाय एक सामाईक काम. १४ मे रोजी प्रत्येकाने आपापल्या गावच्या मध्यान्हीला एक पेन्सिल सेल सपाट जागी उभा करायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि बरोबर वरून फोटो काढायचा. पेन्सिल सेल निवडला कारण तो जगात कुठेही विकत घ्या, उंची पाच सेंटीमीटरच. सगळे फोटो मी एका तक्त्यावर लावीन.

---

खिडकीची जागा | १ मे

ओंजळ ताई, मी इथे नवीन आहे. वाचते नेहमी, भाग पहिल्यांदाच घेते आहे. डोंबिवलीत फ्लॅट, सकाळी अंधारात निघायचं, रात्री परत. जवळ साधा मोबाइल आहे. सावली म्हटलं की मला किल्ले, माळरान, एकटं झाड असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. तरी भाग घेऊ का?

---

ओंजळ | १ मे

घ्याच. आंद्रे केर्तेश नावाचा हंगेरियन छायाचित्रकार पॅरिसमध्ये राहायचा. १९२८ साली त्याने एक काटा टेबलावर, बशीच्या काठावर टेकवून ठेवला आणि त्याचा फोटो काढला. फोटोत एवढंच आहे : काटा, बशीची कड आणि सावली. छायाचित्रणाच्या इतिहासात तो फोटो आजही दाखवला जातो. तुमच्या स्वयंपाकघरात झारा, किसणी, चाळणी, शेवेचा सोऱ्या आहे ना? खिडकीतून ऊन ओट्यावर कधी येतं, ते रविवारी एकदा बघून ठेवा.

मोबाइलबद्दल एक सांगते. आजकालचे फोन आपणहून सावल्या उजळतात. एचडीआर चालू असेल तर डोळ्यांना काळी दिसलेली सावली फोटोत राखाडी येते. ते बंद करा. मग पडद्यावर जिथे ऊन आहे तिथे बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. सावली घट्ट होते, तिला आकार येतो.

---

पिंपळपार | १ मे

विषय उत्तम. फक्त एक बाजू मला आत्ताच मांडायची आहे, नंतर ती आकारांच्या गर्दीत राहून जाईल.

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इथे सावली ही आधी गरज आहे. दुपारी एक वाजता बाहेर पडून बघा. सायकलरिक्षावाला सिग्नलच्या अलीकडे, जिथे कडुनिंबाची सावली संपते तिथे थांबतो. भाजीवाली दर अर्ध्या तासाने हातगाडी दोन हात सरकवते, कारण समोरच्या इमारतीची सावली सरकते. रस्ता रुंद करताना जिथली झाडं गेली, तिथल्या बसथांब्यावर माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांगेत उभी असतात. खांबाची सावली ती केवढी! तेवढ्यात चार माणसं मावतात.

मी चाळीस वर्षं फोटो काढतो आहे, त्यातली बरीच फिल्मवर. या महिन्यात मी फक्त हेच काढणार. आणि सर्वांना एक विनंती : सावलीत झोपलेल्या माणसाचा चेहरा दाखवू नका. तो विसाव्याला टेकला आहे, त्याला विचारता येत नाही. जागा असेल तर आधी बोला, पाणी विचारा, मग कॅमेरा काढा. नाही म्हणाला तर पुढे चला.

---

ओंजळ | १ मे

पिंपळपार काका, झोपलेल्या माणसांचा मुद्दा नियमांत घालते आहे. लहान मुलांचे चेहरेही पालकांना विचारल्याशिवाय नकोत.

---

कातळवाट | २ मे

कुडाळजवळ राहतो. आमच्याकडे ४ तारखेलाच सावली जाणार, म्हणून घाईत लिहितो आहे.

पण माझ्या डोक्यात दुसरंच आहे. इथून जवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या अशा तिन्ही कला जपल्या आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. छायाबाहुल्यांच्या खेळात पांढरा पडदा असतो, त्यामागे दिवा, आणि मध्ये चामड्याची बाहुली. प्रेक्षकाला बाहुली दिसतच नाही, दिसते ती सावली. चामड्याला बारीक भोकं पाडलेली असतात, त्यांतून दागिने आणि कपड्यांवरची नक्षी उजेडाच्या ठिपक्यांनी उमटते. बाहुली पडद्याला टेकली की रेषा कोरीव, जरा मागे घेतली की आकार मोठा आणि कडा मऊ.

मला पडद्याच्या दोन्ही बाजूंनी काढायचं आहे. समोरून सावली आणि मागून हात. एप्रिलचा विषय मे मध्ये आणला तर चालेल ना? परवानगी मी आधीच घेतली आहे.

---

थेम्सकाठ | २ मे

कातळवाट दादा, मागच्या बाजूचे नक्की टाका.

मी लंडनहून. ज्या पट्ट्याबद्दल ओंजळ लिहिते आहे, त्याच्या आम्ही खूप बाहेर. इथे सावली कधीच नाहीशी होत नाही. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेतीन पटींहून जास्त लांब पडते. दुपारी बारा वाजता संध्याकाळची सावली! पहिल्या वर्षी त्या सावल्यांनी मला फार एकटं वाटायचं, आता त्या आवडतात. मे मध्ये मात्र ऊन चांगलं वर येतं. १४ तारखेला आमची मध्यान्ह घड्याळात किती वाजता धरायची, ते कोणी सांगेल का?

---

तारांगण | २ मे

हे माझं आवडतं काम. मध्यान्ह म्हणजे सूर्य त्या गावी आकाशात सर्वांत उंच असतो ती वेळ. भारतभर घड्याळ एकच असलं तरी मध्यान्ह गावागणिक वेगळी. १४ मे साठी : पुणे १२:३१, मुंबई १२:३५, नागपूर १२:१०, लंडन १२:५६, न्यू जर्सी १२:५४, सिंगापूर १३:०१, सिडनी ११:५१. सगळ्या स्थानिक वेळा, एखादा मिनिट मागेपुढे.

पाच सेंटीमीटरच्या सेलची सावली साधारण किती यायला हवी, तेही देतो म्हणजे पडताळता येईल. पुण्यात शून्य. न्यू जर्सीत २ सेंमी, लंडनला ३.२, सिंगापूरला दीड, सिडनीला साडेसहा. मोजताना सेलच्या कडेपासून मोजा, मध्यापासून नको. आणि दिशा लिहायला विसरू नका. लंडन आणि न्यू जर्सीत सावली उत्तरेकडे पडेल, सिंगापूर आणि सिडनीत दक्षिणेकडे. तक्त्यात पुणे मध्ये ठेवलं तर दोन्ही बाजूंना सावल्या उलट्या दिशांनी वाढत गेलेल्या दिसतील.

दिल्ली आणि बंगळूरचे सदस्य असतील तर त्यांना वेगळी विनंती. ही दोन शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, हवाई अंतर सुमारे १,७४० किमी. तुम्ही सेलऐवजी एक मीटरची काठी घ्या, ओळंब्याने सरळ उभी करा. दोघांच्या सावल्यांवरून दोन कोन निघतील. दिल्लीची सावली उत्तरेला, बंगळूरची दक्षिणेला, त्यामुळे कोनांची बेरीज करायची. ३६० ला त्या बेरजेने भागून अंतराने गुणलं की पृथ्वीचा परीघ निघतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच रीतीने तो काढला होता.

सूर्याकडे थेट बघू नका, आणि झूम लेन्स लावलेला कॅमेरा सूर्याकडे रोखू नका. डोळा आणि सेन्सर दोन्ही जातात.

---

निळी शाई | ३ मे

नाशिक जिल्ह्यात शाळेत शिकवते. शाळेला सुट्टी आहे, पण गल्लीतली मुलं दुपारी माझ्याकडे असतात. आम्ही कॅमेऱ्याशिवाय सावलीचे फोटो करतो आहोत, ते चालतील का?

सायनोटाइप म्हणतात त्याला. दोन रसायनं पाण्यात कालवून कागदाला अंधाऱ्या खोलीत लावायची, वाळवायचा, त्यावर पान किंवा फूल ठेवून उन्हात न्यायचा. जिथे ऊन लागतं तिथे कागद निळा होतो, जिथे सावली तिथे पांढरा राहतो. नंतर साध्या पाण्यात धुतला की चित्र पक्कं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने पुढच्याच वर्षी समुद्रशैवालांचे असे छाप करून त्यांची पुस्तिका काढायला सुरुवात केली. रसायनांना मुलं हात लावत नाहीत, ते काम माझं, हातमोजे घालून. मुलांकडे वस्तू निवडायचं काम.

आणि त्यांची निवड! मी शेवग्याचा पाला, नेचा असं सांगितलं होतं. एकाने आईची बांगडी आणली, एकीने आजोबांचा चष्मा. चष्म्याच्या काचांनी ऊन एकवटलं, त्यामुळे सावलीच्या आत गडद निळ्या रेघा आल्या. कोणी सांगून हे सुचलं नसतं.

---

ओंजळ | ३ मे

ताई, चालतील म्हणजे काय, मला ते धाग्याच्या अगदी वर हवे आहेत. धुतलेल्या छापांचे फोटो काढताना कागद सावलीत ठेवा, उन्हात काढलात तर निळा रंग फिका येईल.

---

तिसरी घंटा | ४ मे

कोल्हापूर. विषय आवडला, पण क्रमांक नाहीत हे मला पटत नाही. मी नाटकातला माणूस. स्पर्धेचा प्रयोग आणि एरवीचा प्रयोग यात फरक पडतो, हे आम्ही दर वर्षी बघतो. स्पर्धा असली की माणूस शेवटच्या दिवसापर्यंत घासतो. इथे क्रमांक नसले तर बहुतेक जण पहिला बरा फोटो टाकून मोकळे होतील.

---

थेम्सकाठ | ४ मे

तुमचा मुद्दा समजतो, पण क्रमांक ठेवले की काय होतं तेही पाहिलं आहे. इथल्या एका छायाचित्र मंडळात मी दोन वर्षं होते. दर महिन्याला गुण मिळायचे, आणि हळूहळू सगळ्यांचे फोटो सारखे होऊ लागले. कुठल्या फोटोला गुण पडतात ते लोकांना कळलं होतं. धुकं, पूल, छत्रीवाला एकटा माणूस. कोणी वेगळं आणलं तर परीक्षक गप्प बसायचे. तिथे कोणी चष्म्याची सावली आणली नसती.

---

पिंपळपार | ४ मे

दोघांचंही खरं आहे. घासण्यासाठी काहीतरी हवं, हे नाटकवाल्यांचं म्हणणं मी उचलून धरतो. पण ते काम चांगला प्रतिसाद करतो. तरुणपणी आमच्या गटात एक गृहस्थ होते, ते प्रिंट हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचे, "यातलं काय काढून टाकलं तर चालेल?" त्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा त्याच जागी जायचो. क्रमांकाने मला तेवढं कधी हलवलं नाही.

---

ओंजळ | ४ मे

यातून असं करू या. क्रमांक नाहीत, पण प्रत्येकाने आपल्या एका प्रचिची दुसरी खेप करायची. पहिलं १५ तारखेपर्यंत टाका, प्रतिसाद वाचा, त्याच जागी पुन्हा जा, आणि ३१ पर्यंत दुसरं टाका. दोन्ही शेजारी ठेवू. तिसरी घंटा, चालेल?

---

तिसरी घंटा | ५ मे

चालेल. तालीम आहे म्हणा ही. मग मी तयार.

अवांतर : सावलीच्या उलट बाजूचं आमच्याकडचं उदाहरण. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मधे ढग किंवा धूळ आली की किरणं अलीकडेच विरतात. बांधणाऱ्यांनी सूर्याची वाट किती वर्षं न्याहाळली असेल! गाभाऱ्यात फोटो काढता येत नाहीत आणि काढूही नयेत, पण नोव्हेंबरचा विषय ठरवताना हे लक्षात असू द्या.

---

उलटे ऋतू | ६ मे

सिडनीहून नमस्कार. १४ ला सेल घेऊन मी तयार आहे. आमच्याकडे हिवाळा तोंडावर आला आहे, सावल्या लांबायला लागल्या आहेत.

माझा प्रश्न संस्करणाचा. किती चालेल? कातरणं, उजेड-गडद कमीजास्त करणं ठीक. पण भिंतीवरची सावली अजून काळी केली तर? मधे आलेली वायर पुसली तर? आणि सावलीच नव्याने टाकली तर? आता तर यंत्राला सांगितलं की ते अख्खं चित्र तयार करून देतं.

---

पिंपळपार | ६ मे

हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. हाँगकाँगच्या फॅन हो यांचा १९५४ चा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. उंच पांढरी भिंत, तिच्या पायाशी मान खाली घातलेली एक मुलगी, आणि भिंतीवर तिरकी, तीक्ष्ण, काळी सावली तिच्याकडे चाल करून येते आहे. मुलगी त्यांची चुलतबहीण होती, तिला त्यांनी उभं केलं होतं. आणि ती तिरकी सावली त्या जागी नव्हतीच, त्यांनी ती डार्करूममध्ये घातली. हे कळल्यावर माझ्यासाठी त्या फोटोचं मोल कमी झालं नाही. त्यांनी ते लपवलंही नाही.

माझं मत : काय केलं ते लिहायचं. लिहिलं की वाद उरत नाही.

---

तारांगण | ६ मे

कलेच्या फोटोंना काकांचा नियम योग्य आहे. सामाईक तक्त्याला मात्र तो पुरणार नाही. तिथे सावली हे मोजमाप आहे. त्यात एक मिलिमीटरही इकडचा तिकडे करायचा नाही, कातरायचंही नाही, कारण मोजपट्टी पूर्ण दिसायला हवी.

---

ओंजळ | ६ मे

दोन्ही सूचना मान्य. तक्त्यासाठी कॅमेऱ्यातून आलं तसं. बाकी विभागात संस्करण चालेल, ते खाली नोंदवायचं. यंत्राकडून बनवून घेतलेली चित्रं मात्र दोन्हीकडे नकोत. त्यात कोणी सावली शोधायला बाहेर पडलेलं नसतं, आणि आपण महिनाभर इथे तेवढ्याचसाठी जमतो.

---

खिडकीची जागा | १० मे

पहिले तीन प्रचि टाकले आहेत. किसणी, कपड्यांचे चिमटे आणि तिसरं फलाटाचं. तिसऱ्याबद्दल विचारायचं आहे.

आमच्या फलाटावरच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत. कुठली वेडीवाकडी, कुठली लांबट. सकाळी ऊन पडलं की खाली सावलीत उजेडाचे ठिपके दिसतात, आणि ते सगळे गोल! भोक कसंही असो, ठिपका गोलच. मी गाडी सोडून ते बघत राहिले. असं का होतं?

---

तारांगण | १० मे

कारण तो ठिपका भोकाचा आकार दाखवत नाही, सूर्याचा दाखवतो. लहान भोकातून आलेला उजेड पुरेसा लांब पडला की तिथे सूर्याची प्रतिमा तयार होते. झाडाखालचे कवडसेही असेच, पानांच्या फटी वाकड्यातिकड्या असून ते गोल पडतात. प्रतिमेचा व्यास अंतराच्या साधारण एकशे आठाव्या हिश्शाइतका असतो. पत्रा जमिनीपासून साडेचार-पाच मीटर असेल तर ठिपका चार-साडेचार सेंटीमीटरचा. सकाळच्या तिरक्या उन्हात अंतर वाढतं आणि ठिपका लांबट होतो. दहा-अकराच्या पुढे बघा, जास्त गोल दिसेल.

सावलीच्या कडा मऊ का असतात त्याचंही कारण हेच. सूर्य बिंदू नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. वस्तू जमिनीपासून जितकी दूर, तितकी कड पसरट. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसते. पण कड इतकी पसरट असते की वेळ नेमकी वाचायला कसब लागतं.

थेम्सकाठ, हे तुमच्यासाठी : १२ ऑगस्ट २०२६ ला स्पेन आणि आइसलँडमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे, आणि लंडनमध्ये संध्याकाळी सूर्याचा सुमारे नव्वद टक्के भाग झाकला जाईल. त्या वेळी कुठल्याही झाडाखाली गेलात तर सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतील. २६ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रात सकाळी असे दिसले होते. २ ऑगस्ट २०२७ ला भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास ग्रहण आहे, पण पावसाळा असल्यामुळे ढगांवर सगळं अवलंबून.

---

निळी शाई | ११ मे

खिडकीची जागा, तुमचं तिसरं प्रचि मी मुलांना दाखवलं. नजर आधी डावीकडच्या बॅगेच्या पट्ट्यावर जाते, तिथे ठिपका दुमडला आहे. मला तो पट्टाच हवासा वाटतो. उजवीकडचं पाटीचं टोक नसतं तर अजून शांत झालं असतं. दुसऱ्या खेपेला थोडं खाली वाकून बघा.

---

खिडकीची जागा | ११ मे

हो ताई, पाटी माझ्या लक्षातच आली नव्हती. उद्या पुन्हा जाते.

---

कातळवाट | १२ मे

पिंगुळीचे पाच प्रचि टाकले. शेवटचं मागच्या बाजूचं. दिव्याच्या उजेडात कलाकाराची स्वतःची सावली पाठीमागच्या भिंतीवर पडली आहे, आणि ती पडद्यावरच्या राजापेक्षा मोठी आहे.

४ तारखेचा सेलही टाकला आहे. ढग होते, पण साडेबाराच्या आधी दहा मिनिटं ऊन मिळालं.

---

तिसरी घंटा | १२ मे

कातळवाट, पाचवं प्रचि पाहून मी खुर्चीतून उठलो. रंगमंचावर मागून येणारा प्रकाश आम्ही वापरतो, पण कलाकाराची सावली खेळातल्या पात्राएवढी महत्त्वाची होऊ शकते, हे असं डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. चौथं मात्र मला नाही पोचलं. पडदा आणि प्रेक्षक दोन्ही दाखवायला गेलात, त्यात बाहुली लहान झाली.

---

ओंजळ | १४ मे

पुण्यात १२:३१ ला सेलची सावली दिसेनाशी झाली. गच्चीवर सोसायटीतली पंधरावीस माणसं जमली होती. आपापले सेल टाका. मिनिट लिहाच.

---

उलटे ऋतू | १४ मे

सिडनी, ११:५१. साडेसहापेक्षा एक-दोन मिमी कमी. दक्षिणेकडे. फुटपाथ थोडा उतरता असावा.

---

थेम्सकाठ | १४ मे

लंडनला ढग. १२:४० ला दोन मिनिटं ऊन आलं तेव्हाचा फोटो टाकला आहे, ३.३ सेंमी. मध्यान्ह नाही हे खाली लिहिलं आहे. मध्यान्हीच्या पंधरा मिनिटं आधी काढलेला फोटो तक्त्यात घ्यायचा की नाही, ते तारांगण यांनी ठरवावं.

---

तारांगण | १५ मे

घ्यायचा. मध्यान्हीच्या आगेमागे सावलीची लांबी फार हळू बदलते, दिशा मात्र झपाट्याने. वेळ नोंदवलेली आहे, एवढं पुरे.

दिल्ली आणि बंगळूरच्या सदस्यांनी व्यक्तिगत संदेशातून आकडे पाठवले, इथे मांडतो. मीटरच्या काठीची सावली बंगळूरला १०.५ सेंमी, दिल्लीला १८. कोन निघतात सुमारे ६ आणि १०.२ अंश, बेरीज १६.२. त्यावरून पृथ्वीचा परीघ येतो ३८,७०० किमीच्या आसपास. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ किमी आहे. दोन काठ्या, दोन मोजपट्ट्या, आणि तीन-साडेतीन टक्क्यांचा फरक! काठीच्या टोकाच्या सावलीची कड जवळजवळ एक सेंटीमीटर पुसट असते, फरकाचं मोठं कारण तेच. दोघांनीही पुसट भागाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं आहे. मधोमध मोजलं असतं तर आकडा अजून जवळ गेला असता.

---

पिंपळपार | १५ मे

हे फारच छान झालं. इतकी वर्षं फोटो काढतो आहे, पण माझा फोटो दुसऱ्याच्या फोटोशेजारी ठेवल्याशिवाय अपुरा आहे, असं पहिल्यांदाच वाटलं. आमची शून्य सावली २६ ला. १२:१० ला त्या खांबाखालच्या बसथांब्यावर जातो. तेव्हा खांबाची सावलीही नसेल. माणसं कुठे उभी राहतात ते बघतो.

---

निळी शाई | १६ मे

आमची २० तारखेला. मुलांनी ठरवलं आहे की त्या दुपारी निळा कागद जमिनीवर पसरायचा आणि त्यावर सेल नुसता उभा ठेवायचा. पांढरा गोल येतो की आणखी काही, यावर पैजा लागल्या आहेत.

---

ओंजळ | १७ मे

तक्ता वर लावला आहे. सिंगापूर आणि न्यू जर्सीच्या जागा भरल्या, नाशिक आणि नागपूरच्या रिकाम्या ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावर येतो. मुंबईत २८ जुलैच्या सुमारास, पुण्यात ३० जुलैला. पाऊस असेल, तरी ज्यांचा मे हुकला त्यांनी तारीख लिहून ठेवा.

दुसऱ्या खेपेचे प्रचि ३१ च्या रात्री बारापर्यंत. प्रतिसादांत सध्या कपड्यांच्या चिमट्यांना आणि निळ्या चष्म्याला भरपूर मिळाले आहेत, पण 'उलटे ऋतू' यांच्या कुंपणाच्या सावलीवर अजून कोणीच लिहिलेलं नाही. तिथे गवतावर सावलीच्या आकाराचं दहिवर टिकून राहिलं आहे, ऊन लागलं तिथलं वाळलं आहे. ते नीट बघा आणि लिहा. जूनसाठी विषय सुचवायला याच धाग्यात सुरुवात केली तरी चालेल.